थाळीला दचकली, तरी तपासणी हवीच

“माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे, बार्शीला झालं. नात दिवस भरायच्या साडेतीन आठवडे आधीच झाली. सात दिवस काचेत होती, कावीळ म्हणून लाईट लावला होता. घरी सोडताना कानात बोंडू घालून मशीनवर काहीतरी तपासलं आणि कागदावर दोन्ही कानांपुढे ‘रेफर’ लिहून दिलं. सिस्टर म्हणाल्या, महिन्याने आणून दाखवा. आज नात ३६ दिवसांची आहे. मी घरी मागून थाळी वाजवून बघितली, चांगली दचकली. विहीणबाई म्हणजे माझी सख्खी नणंदच, मुलगी आत्याच्याच घरी दिली आहे. त्या फोनवर म्हणाल्या, सव्वा महिना होईस्तोवर लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. त्यांना मी ‘रेफर’चं बोललेच नाही. कळलं तर दोष माझ्या लेकीवर येईल. माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते, ती म्हणते, तिकडे सगळ्याच बाळांची ही तपासणी होते, त्यात घाबरायचं काय? इथे शेजारी म्हणतात, दवाखान्याचे पैसे काढायचे धंदे. आमच्या घराण्यात बहिरं कुणी नाही. मग ही तपासणी हवी कशाला? आणि वन्संना सांगू की नको?” — एक आजी

ताई, नमस्कार.

तुमची झोप उडवली ती त्या एका इंग्रजी शब्दाने, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू. ‘रेफर’ म्हणजे ‘बहिरी’ नाही. ‘आज या कानाकडून मशीनला हवं तसं उत्तर मिळालं नाही, पुढे पाठवा’, एवढंच त्या कागदाचं म्हणणं आहे. तुमच्या भाचीच्या इंग्लंडात ‘नापास’ हा शब्द आईसमोर काढत नाहीत, ‘स्पष्ट प्रतिसाद मिळाला नाही’ असं सांगतात. आपल्याकडे कागद हातात ठेवून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळतात. त्यांच्यामागेही वीस खाटा असतात हे मला माहीत आहे, पण समजावून सांगायला दोनच मिनिटं लागली असती आणि तुमच्या महिनाभराच्या रात्री वाचल्या असत्या.

ते मशीन करतं काय, ते सांगते. आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा वळणावळणाचा भाग असतो, कॉक्लिया. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आवाज आत गेला की या पेशी थरथरतात आणि गंमत म्हणजे स्वतःही अगदी बारीक आवाज उलट बाहेर टाकतात. आपला कान ऐकतो तसा थोडासा बोलतोही. लंडनच्या डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिलं, तेव्हा पुष्कळांना ते पटलं नव्हतं. तुमच्या नातीच्या कानात घातलेल्या बोंडूत एक इवलासा स्पीकर आणि एक माईक होता. स्पीकरने टिकटिक आवाज आत सोडला, माईकने परतीचा आवाज टिपायचा प्रयत्न केला. या तपासणीला ओएई म्हणतात. सुई नाही, रक्त नाही, बाळ झोपलेलं असलं तर काही मिनिटांचं काम.

आता हा परतीचा आवाज इतका नाजूक असतो की त्याला अडवायला फारसं काही लागत नाही. जन्मताना अंगावर असतो तो पांढरा चिकट लेप कानाच्या नळीतही थोडा राहतो. पडद्यामागे पाणी राहतं. बाळ चुळबुळतं, खोलीत कूलर घरघरतो, बोंडूचं माप चुकतं. म्हणून पहिल्या काही दिवसांत बरीच बाळं ‘रेफर’ येतात आणि त्यांतली बहुतेक दुसऱ्या खेपेला सरळ पास होतात. हे ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असेल. थोडं थांबा.

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचल्या: आधी जन्म, सात दिवस काचेत, आणि कावीळ. जन्मतः दोन्ही किंवा एका कानाने कायमचं कमी ऐकू येणारी बाळं हजारात एक ते तीन असतात. जी बाळं ४८ तासांहून जास्त अतिदक्षता विभागात राहतात त्यांच्यात हे प्रमाण इंग्लंडच्या हिशोबाने शंभरात एक, म्हणजे कित्येक पटींनी वाढतं. तरीही शंभरातल्या नव्याण्णवांचे कान ठीकच असतात. पण तुमच्या नातीचे दोन्ही कान ‘रेफर’ आहेत, तेव्हा तिला या नव्याण्णवांत धरून मोकळं होता येत नाही. तपासूनच धरायचं.

आता थाळी. ताई, या थाळीने माझं अर्धं आयुष्य खाल्लं आहे. तीस वर्षं मी सरकारी रुग्णालयात कानाच्या तपासण्या केल्या, आणि माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक आजीने थाळी वाजवून पाहिलेली असायची. थाळीचा आवाज बोलण्याच्या मानाने फार मोठा असतो. बाळाला मध्यम प्रतीचा बहिरेपणा असला तरी तो ऐकू येतो आणि ते दचकतं. शिवाय थाळीसोबत फरशी, खाट थरथरते, हात हलतो, वाऱ्याची झुळूक येते, सावली सरकते. एकदा दचकलं की आपण खूश होतो आणि न दचकलेली तीन वेळा विसरून जातो. आणि बोलणं थाळीसारखं नसतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज बारीक आणि हलके असतात, ते आधी हरवतात. ‘सासू’मधले दोन्ही ‘स’ गेले तर उरतं ‘आऊ’. असं ऐकणारं मूल हाक मारली की वळतं, कुकरच्या शिट्टीला उठतं, आणि दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. मग घरात म्हणतात, बापही उशिराच बोलला होता. वेखंड उगाळून चाटवतात. हसण्यासारखं काही नाही यात, कारण मूलही फसवतं: ऐकू न येणारं बाळही पहिले चार-सहा महिने इतरांसारखंच ‘आ-गू’ करतं. आवाज त्याचे त्यालाच ऐकू येत नाहीत म्हणून पुढे ते हळूहळू गप्प होतं.

इंग्लंडातही कित्येक दशकं थाळीचंच सुधारलेलं रूप चालू होतं, हे भाचीला सांगा. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की आरोग्यसेविका यायची, एकीने समोर बसून बाळाला गुंतवायचं आणि दुसरीने मागून खुळखुळा वाजवायचा. प्रशिक्षित माणसं, ठरलेली पद्धत, तरी किती तरी बहिरी मुलं या चाळणीतून निसटली आणि ऐकणारी अडकली. शेवटी त्यांनी खुळखुळा बाजूला ठेवला. २००१ मध्ये थोड्या भागांत सुरुवात करून २००६ पर्यंत सगळ्या इंग्लंडात प्रत्येक नवजात बाळाची मशीनने तपासणी सुरू झाली. पहिल्या खेपेला उत्तर मिळालं नाही तर पुन्हा तीच, मग मेंदूपर्यंतचा रस्ता तपासणारी दुसरी. काचेत राहिलेल्या बाळांच्या दोन्ही तपासण्या पहिल्यापासूनच होतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या कामाचा आहे.

कारण असं की ओएई फक्त त्या केसपेशींची खबर देते. कधी कधी, विशेषतः आधी जन्मलेल्या आणि जास्त कावीळ झालेल्या बाळांत, पेशी ठणठणीत असतात पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत निरोप विस्कटतो. असं बाळ ओएईत पास होतं आणि तरी त्याला बोलणं नीट कळत नाही. म्हणून तुमच्या नातीची दुसरी ओएई पास झाली तरी ‘झालं, सुटलो’ म्हणत परतू नका. तिला ‘बेरा’ हवी. कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि त्यावर नस आणि मेंदूचा खालचा भाग कशी हालचाल करतो त्याचा आलेख काढतात. किती मोठ्या आवाजापासून उत्तर येतं ते डेसिबलमध्ये कळतं. यातही शॉक वगैरे काही देत नाहीत, तार दिसली की घरचे घाबरतात म्हणून सांगते.

बेराला जाताना एवढं करा. त्या दिवशी मालिश नको, टाळू भरणं नको. तेलकट कातडीवर चकत्या टिकत नाहीत. मी कितीतरी बाळांची कपाळं पुसण्यात सकाळी घालवल्या आहेत. कानात तेल तर त्या दिवशीच काय, कधीच घालू नका. वाटेत लेकराला झोपू देऊ नका, तिथे पोहोचल्यावर अंगावर पाजा, ते गाढ झोपेल आणि औषधाने झोपवायची वेळच येणार नाही. सुटीचं कार्ड बरोबर घ्या: कावीळ किती वाढली होती, कोणती इंजेक्शनं किती दिवस दिली, प्राणवायू लावला होता का, हे सगळं त्यावर असतं. जेंटामायसिन किंवा अॅमिकासिन ही नावं दिसली तर तपासणाऱ्याला दाखवा. ती औषधं जीव वाचवतात पण कानाला त्रास देऊ शकतात.

कधी जायचं? जगभर या कामाचा एक साधा हिशोब मानतात: एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ज्या मुलांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच मदत मिळाली त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, बहिरेपणा कमी असो की जास्त. आपण समजतो मूल वर्षाचं झाल्यावर भाषा शिकतं. खरं तर ते पोटात असल्यापासून ऐकत असतं, पहिला शब्द बोलेपर्यंत त्याच्या पदरी वर्षभराची शिदोरी जमलेली असते.

सव्वा महिन्यावरून मात्र मी वन्संशी भांडणार नाही, तुम्हीही भांडू नका. तो संपतच आला आहे. ४२व्या दिवसाच्या सुमारास नातीचा दीड महिन्याचा डोस असेल, त्यासाठी लेकरू उंबऱ्याबाहेर निघणारच. त्याच दिवशी, डोसाच्या आधी, जिथे पहिली तपासणी झाली तिथे ओएई पुन्हा करून घ्या आणि बेरासाठी चिठ्ठी मागा. आशाताईची एक भेटही ४२व्या दिवशीच असते. तिला तो ‘रेफर’चा कागद दाखवा आणि जिल्ह्याचं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांतले असे दोष वेळेवर शोधून उपचार करणारं सरकारी केंद्र, कुठे बसतं ते विचारा. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात फोन करून बेराची तारीख विचारा. लांबची मिळाली तर पुढची जागा शोधायला तुमच्या हातात अजून महिना-दीड महिना आहे. नात तीन महिन्यांची व्हायच्या आत कागदावर पक्का निकाल हवा, एवढी एक रेघ मारून ठेवा.

आता शेजाऱ्यांचा धंद्याचा प्रश्न. त्यांना नावं ठेवत नाही. आपल्याकडे गरज नसताना तपासण्या लिहून देणारे आहेतच. पण ही तपासणी त्यातली नाही. केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. ६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, तीही आपल्याच पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधायच्या तीसेक गोष्टींच्या त्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे, आणि त्यात सापडलेल्या मुलाचे पुढचे उपचार फुकट करायचे असं ठरलं आहे. वर्षातून दोनदा अंगणवाडीत डॉक्टरांची गाडी येते ना, ती याच कार्यक्रमाची. डीईआयसी म्हणजे त्याचंच जिल्ह्याच्या ठिकाणचं केंद्र.

आणि ‘आमच्या घराण्यात कुणी नाही, मग कशाला’ याचं उत्तर: बहिऱ्या मुलांतली नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. आणि जन्मतः बहिऱ्या बाळांतल्या जवळजवळ निम्म्यांत अगोदर संशय यावा असं काहीच नसतं: दिवस पूर्ण, वजन चांगलं, रडणं खणखणीत. फक्त काचेतलीच बाळं तपासली तर बाकीची निम्मी निसटतात. म्हणून ‘सगळ्यांची’ तपासणी. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. हजारी दोन धरा, चाळीस हजारांवर मुलं होतात. दर वर्षी.

तरी तुमच्या शेजाऱ्यांना हे सरकारी काम वाटत नाही, यात चूक त्यांची नाही. कार्यक्रम कागदावर देशभर आहे, मशीन मात्र सगळीकडे नाही. केरळने सरकारी प्रसूतिगृहांत हे काम नेटाने रुजवलं आहे, आणि त्याची मुळं फार साधी आहेत. २००३ मध्ये कोचीतल्या बालरोगतज्ज्ञांनी विचार केला, प्रत्येक दवाखान्याने मशीन का घ्यावं? एकच मशीन आणि एक प्रशिक्षित माणूस, ठरलेल्या वारी ठरलेल्या दवाखान्यात जायचं. टपालासारखं. आपल्या तालुक्यांना हे जमणार नाही असं मला कधीच वाटलं नाही.

पण ताई, खरं सांगू का, मशीन हा यातला सोपा भाग आहे. मशीन आलं की फीत कापतात, फोटो निघतो. ‘रेफर’ आलेली बाळं परत आली की नाही हे पाहणाऱ्या वहीचा फोटो कुणी काढत नाही. अमेरिकेत आज जवळजवळ प्रत्येक बाळ तपासलं जातं, तिथेसुद्धा २००५च्या सुमारास पास न झालेल्या बाळांतल्या निम्म्याहून जास्त बाळांचं पुढे काय झालं याची नोंदच नव्हती. इंग्लंडने सगळ्या देशाची एकच संगणकीय नोंद ठेवली. तुमच्या भाचीचं बाळ तारखेला गेलं नसतं तर तिला फोन गेला असता. तुम्हाला ३६ दिवसांत कुणाचा फोन आला नाही.

याबाबतीत माझ्या पदरीही पाप आहे. आमच्या विभागात ‘रेफर’ बाळांची वही माझ्याकडे होती. मी मोठ्या शिस्तीने प्रत्येक बाळाचा पत्ता लिहायची, महिन्याने पोस्टकार्ड टाकायची, आणि फार थोडी बाळं यायची. मी बायकांना दोष द्यायची, अडाणी आहेत म्हणायची. दोनेक वर्षांनी आमच्या आयाबाईंनी मला विचारलं, “मॅडम, पत्ता कुठला लिहिता?” केसपेपरवरचा, म्हणजे नवऱ्याचा. पहिलटकरीण तर माहेरी! कार्ड सासरी जाऊन देव्हाऱ्यामागे पडायचं, आणि ती सासरी परतायची तेव्हा बाळ चार महिन्यांचं झालेलं असायचं. दिल्लीत बसून कार्यक्रम आखणाऱ्याला माहेर-सासर कुठून कळणार? पण मी तर दोन्ही भोगलेली बाई. मला कळायला हवं होतं. त्यानंतर मी वहीत तिसरा रकाना केला: ‘आजीचा फोन’. आईच्या आईचा. तेव्हापासून बाळं येऊ लागली. म्हणून तुमचं पत्र आलं तेव्हा बरं वाटलं. योग्य माणसाने लिहिलं आहे.

आता वन्संना सांगायचं का, हा तुमचा खरा प्रश्न.

आधी जावयांना सांगा, आजच. तुमच्या तोंडून नको, लेकीला सांगू द्या. बाप आहे तो, आणि मूल लपवून तपासायला न्यायचं म्हणजे पुढे जे निघेल तेही लपवावं लागेल. कागदाचा फोटो पाठवा आणि बेराच्या दिवशी त्यांनाच रजा काढून यायला सांगा. बाप बरोबर आलेलं बाळ पुढच्या तारखेलाही येतं, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. वन्संना त्यांच्या मुलाने सांगावं. ‘कानाची तपासणी अर्धी राहिली आहे, डोसाच्या दिवशी पूर्ण करतोय’, इतकंच. हे खोटं नाही, आणि आज तुमच्याकडे सांगायला याहून जास्त काही नाहीही.

आणि दोष लेकीवर येईल म्हणता, त्याचं थोडं गणित मांडू. समजा उद्या निघालं की कान कमी आहेत. कारण कावीळ असू शकतं, आधी जन्मणं असू शकतं, गरोदरपणात आईला न जाणवलेला एखादा विषाणू असू शकतो. आणि जनुक असू शकतं. जन्मजात बहिरेपणाची पुष्कळशी जनुकं अशी असतात की ती एकाच बाजूने आली तर काहीच होत नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी जोडी जमली तरच परिणाम दिसतो. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या घराण्यात बहिरं कुणी दिसत नाही आणि अचानक एखादं मूल होतं. तुमच्या घरी मामाची मुलगी केली आहे. म्हणजे मुलाची आई आणि मुलीचे वडील सख्खी भावंडं, तुमचे सासू-सासरे या जोडप्याचे आजी-आजोबा. असं जनुक त्या एका आजीत किंवा आजोबांत असलं तर दोन्ही वाटांनी उतरून नातीपर्यंत येऊ शकतं, आणि त्या दोन वाटांतली एक थेट वन्संच्या अंगणातून जाते. ‘मुलीकडचं’ म्हणून बोट दाखवायचं तर ते त्यांच्याच माहेराकडे वळतं. हे त्यांना ऐकवायला मी सांगत नाही, तुमच्या मनातली भीती जावी म्हणून सांगते आहे. नात्यातलं लग्न केलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. असल्या लग्नांतून झालेली बहुतेक मुलं ठणठणीत असतात. फक्त बेरा घेणाऱ्याला नातं सांगा, आणि पुढच्या मुलाचा विचार करताना जनुकांचा सल्ला घ्या.

आणि निकाल वाईट आलाच तर? बाळाला काही आठवड्यांचं असतानाही कानाचं मशीन लावता येतं. कान भराभर वाढतो म्हणून त्याचा साचा सुरुवातीला महिन्या-दीड महिन्याने बदलावा लागतो, ती कटकट आहे खरी. मशीनने भागलं नाही तर वर्षाच्या आसपास कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार होतो. त्याचा खर्च लाखांत जातो, पण लहान मुलांसाठी त्या खर्चाला मदत करणारी केंद्राची अॅडिप योजना आहे, आणि त्या कामाची मुख्य संस्था आपल्या मुंबईतच, वांद्र्याची अली यावर जंग संस्था. ऑपरेशन झालं की मूल बोलायला लागतं असं मात्र नसतं. पुढे कित्येक वर्षं रोज बोलायचं, दाखवायचं, पुन्हा बोलायचं, आणि ते घरच्यांनीच करायचं असतं. सोबत भारतीय सांकेतिक भाषाही शिका. हातांची भाषा शिकलं की मूल तोंडाने बोलत नाही, असं आमच्या पिढीला शिकवलं होतं. मीही कित्येक आयांना तसंच सांगितलं, आणि त्याबद्दल आज वाईट वाटतं. मुलाला भाषा हवी, वेळेवर हवी. ती कानाने आली, हाताने आली, दोन्हींनी आली, आनंदच आहे.

निकाल चांगला आला तर त्याहून छान. एक आजी आठवतात, एसटीने तीन तास प्रवास करून अडीच महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. बेरा अगदी व्यवस्थित निघाली. मी पेढे मागितले तर त्या चिडल्या, “काहीच नव्हतं तर एवढी यातायात कशाला करायला लावली?” मग पुढच्या गाडीला अजून वेळ होता म्हणून माझ्याच डब्यातली पोळी खाऊन गेल्या. तुमच्या बाबतीत मात्र चांगल्या निकालानंतरही एक फेरी बाकी राहील. सात दिवस काचेत राहिलेल्या बाळाचे कान नऊ महिन्यांच्या आत पुन्हा एकदा तपासायचे असतात, कारण काहींचं ऐकणं नंतर हळूहळू कमी होतं. तेव्हा तुमची लेक सासरी असेल आणि कागद बार्शीला. म्हणून कागदाच्या दोन प्रती काढा. एक लसीकरणाच्या कार्डाला टाचून लेकीबरोबर जाऊ द्या, दुसरी तुमच्याकडे ठेवा, आणि नऊ महिन्यांची तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहा. पुढच्या वर्षात जात असेल तर नवीन कॅलेंडर भिंतीवर लावाल तेव्हा आधी ती तारीख उतरवा.

बेरा झाल्यावर मला पुन्हा लिहा. ‘चांगलं आहे म्हणाले’ असं नको. दोन्ही कानांपुढे किती डेसिबल लिहिलंय ते आकडे बघून पाठवा. आणि निघताना डोक्याला तेल नाही, हे लेकीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.